२१४७४८३६४७ : एका मोठ्या मूळ संख्येचे गुणधर्म कसे तपासावेत

दहा अंकी संख्या कागदावर लिहिली, की ती मूळ आहे की संयुक्त, हे तिच्या अंकांकडे नुसते पाहून कळत नाही. आणि ती मूळ आहे असे कोणी खात्रीने सांगितले, तरी तेवढ्याने तिच्याबद्दल फारसे काही समजत नाही. १ आणि ती स्वतः यांखेरीज तिला दुसरा विभाजक नाही, इतकेच विधान हाती लागते. अशा संख्येची खरी ओळख तिच्या दोन शेजाऱ्यांकडून होते. तिच्यातून १ वजा केल्यावर एक शेजारी मिळतो, तिच्यात १ मिळवल्यावर दुसरा. मूळ संख्येचे अवयव पडत नाहीत, पण या शेजाऱ्यांचे पडतात, आणि त्या अवयवांमध्येच मूळ संख्येचे बहुतेक सगळे गुणधर्म नोंदवलेले असतात. ती नोंद कशी वाचावी, हे या लेखात एकाच संख्येच्या आधारे दाखवले आहे.

ती संख्या म्हणजे २१४७४८३६४७. ती २ च्या ३१ व्या घातापेक्षा १ ने लहान आहे, म्हणजेच २^३१ − १. येथे ^ हे चिन्ह घातांकासाठी वापरले आहे आणि यापुढे या संख्येला सोयीसाठी ‘म’ म्हटले आहे. अशा प्रकारच्या मूळ संख्यांना सतराव्या शतकातील फ्रेंच विद्वान मारँ मेर्सेन यांच्यावरून मेर्सेन मूळ संख्या म्हणतात. मेर्सेन यांनी १६४४ मध्ये मूळ संख्या देणाऱ्या, २५७ पर्यंतच्या घातांकांची जी यादी दिली, तिच्यात ६७ आणि २५७ हे घातांक चुकीने आले होते, तर ६१, ८९ आणि १०७ राहून गेले होते. ३१ मात्र बरोबर होता. आजच्या मानाने ‘म’ लहानच म्हणावी लागेल, कारण ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेल्या २^१३६२७९८४१ − १ या मूळ संख्येत ४,१०,२४,३२० अंक आहेत. पण ‘म’ शिकण्यासाठी सोयीची आहे: तिच्यावरील बरीचशी आकडेमोड कागदावर करता येते, उरलेली कोणत्याही संगणकावर क्षणात होते, आणि तरीही सरधोपट पद्धतीने तिच्याशी झटापट करणाऱ्याला घाम फुटावा इतकी ती मोठी आहे.

आधी साधने तपासावीत

या कामासाठी स्प्रेडशीट वापरू नये. स्प्रेडशीटमध्ये संख्येचे साधारण पहिले १५ अंकच विश्वासार्ह असतात, आणि दोन दहा अंकी संख्यांचा गुणाकार १९ किंवा २० अंकांचा होतो. शेवटचे अंक कसलीही सूचना न देता बदलले जातात, आणि बाकी काढताना नेमक्या त्याच अंकांची गरज असते. मी स्वतः एकदा पूर्ण संध्याकाळ घालवून ‘फर्माचे प्रमेय ७ या संख्येला लागू पडत नाही’ असा निष्कर्ष काढला होता. (हे प्रमेय सांगते, की मूळ संख्येने जिला भाग जात नाही अशा कोणत्याही संख्येचा, त्या मूळ संख्येपेक्षा १ ने लहान घातांकाचा घात घेऊन तिने भागल्यास बाकी १ उरते.) दोष प्रमेयाचा नव्हता. पायथॉनसारखी भाषा पूर्णांक कितीही मोठा असला तरी अचूक ठेवते, म्हणून ती वापरणे उत्तम. सी भाषेत काम करायचे असेल, तर गुणाकार ६४ बिटांच्या प्रकारात साठवावा, म्हणजे ‘म’ पेक्षा लहान कोणत्याही दोन संख्यांचा गुणाकार त्यात मावतो.

दुसरी काळजी घातांकाची. ७^(म − १) ला ‘म’ ने भागल्यावर काय बाकी उरते, हा प्रश्न पुढे अनेकदा येईल. तो घात आधी पूर्ण काढून मग भागाकार करू गेल्यास सुमारे १८१ कोटी अंकांची संख्या साठवावी लागेल. त्याऐवजी वर्ग करत जावे आणि प्रत्येक वर्गानंतर लगेच बाकी घ्यावी: ७ चा वर्ग, त्या वर्गाचा वर्ग, त्याचाही वर्ग, असे तीसएक वर्ग आणि तितकेच गुणाकार केले की काम संपते. पायथॉनमध्ये घात काढणाऱ्या अंगभूत ‘पॉव’ फलनाला तिसरी संख्या म्हणून ‘म’ दिली, की ते हेच करते.

‘म’ च्या बाबतीत बाकी काढण्यासाठी भागाकारही करावा लागत नाही. २^३१ ला ‘म’ ने भागल्यावर बाकी १ उरते, म्हणून कोणत्याही मोठ्या संख्येचे २^३१ च्या पटीतला भाग आणि उरलेला भाग असे दोन तुकडे करून त्यांची नुसती बेरीज करावी. उदाहरणार्थ, २८२४७५२४९ ला १६८०७ ने गुणल्यास ४७४७५६१५०९९४३ मिळतात. यात २१४७४८३६४८ हे २२१० वेळा जातात आणि १६२२६४७८६३ उरतात. दोन्हींची बेरीज १६२२६५००७३ ही ‘म’ ने भागल्यावर उरणारी बाकी होय. या उदाहरणातील १६८०७ ही संख्या पुढे पुन्हा भेटेल.

पहिली पाहणी

संगणकाला हात लावण्यापूर्वी लहान संख्यांनी भागून पाहावे. ‘म’ च्या अंकांची बेरीज ४६ आहे, तेव्हा तिला ३ ने भाग जात नाही आणि ९ ने भागल्यास बाकी १ उरते. अंक उजवीकडून आळीपाळीने मिळवत आणि वजा करत गेल्यास १२ येतात, म्हणजे ११ ने भागल्यासही बाकी १ उरते. या नियमांकडे बहुतेक जण केवळ ‘भाग जात नाही’ एवढ्याच दृष्टीने पाहतात आणि बाकी सोडून देतात. ती सोडू नये. बाकी १ उरली याचा अर्थ ९ आणि ११ हे म − १ चे विभाजक आहेत, आणि हीच माहिती थोड्या वेळाने उपयोगी पडणार आहे.

४ ने आणि ८ ने भागून उरणारी बाकीही लिहून ठेवावी. द्विमान पद्धतीत ‘म’ म्हणजे ओळीने ३१ वेळा १, म्हणून ४ ने भागल्यास बाकी ३ आणि ८ ने भागल्यास बाकी ७ उरते. एवढ्याशा माहितीवरून एक गुणधर्म लगेच सिद्ध होतो. कोणत्याही पूर्णांकाच्या वर्गाला ८ ने भागल्यास बाकी ०, १ किंवा ४ यांपैकीच उरते, आणि असे तीन वर्ग मिळवून ७ ही बाकी कधीच येत नाही. तेव्हा ‘म’ ही दोन वर्गांची बेरीज नाही, तीन वर्गांचीही नाही. लाग्रांज यांनी १७७० मध्ये सिद्ध केलेल्या प्रमेयानुसार चार वर्ग पुरतात, आणि येथे चार लागतातच.

ऑयलर यांची वाट

आता मुख्य प्रश्न. ‘म’ चे वर्गमूळ ४६३४० आणि ४६३४१ यांच्या दरम्यान आहे, म्हणून ती संयुक्त असेल तर तिला ४६३४० पर्यंतच्या एखाद्या मूळ संख्येने भाग जायला हवा. अशा मूळ संख्या सुमारे ४८०० आहेत. संगणकाला हे काम किरकोळ आहे, पण हाताने करणाऱ्याला नाही. लिओनार्ड ऑयलर यांनी १७७२ मध्ये बर्नुली यांना लिहिलेल्या पत्रात ‘म’ मूळ असल्याचे कळवले, ते इतके भागाकार करून नव्हे. त्यांनी वापरलेली युक्ती पायरीपायरीने समजून घेण्यासारखी आहे, कारण पुढील सगळ्या पद्धतींचे बीज तिच्यात आहे.

समजा, क ही मूळ संख्या ‘म’ ला निःशेष भागते. मग २^३१ ला क ने भागल्यास बाकी १ उरेल. २ चे घात एकामागून एक घेत गेल्यास ज्या सर्वांत लहान घातांकाला बाकी १ उरते, त्याला आपण २ चा आवर्तनांक म्हणू. हा आवर्तनांक ३१ ला भागणारा असला पाहिजे. ३१ स्वतः मूळ आहे आणि आवर्तनांक १ असू शकत नाही, म्हणून तो ३१ च असणार. दुसरीकडे, फर्माच्या प्रमेयानुसार २^(क − १) ला क ने भागल्यास बाकी १ उरते, त्यामुळे ३१ ने क − १ ला भाग गेला पाहिजे. क विषम आहे, तेव्हा क ला ६२ ने भागल्यास बाकी १ उरलीच पाहिजे. याशिवाय २^३२ ला क ने भागल्यास बाकी २ उरते, म्हणजे २ ही बाकी २^१६ या संख्येच्या वर्गाची आहे. आणि असे केवळ ८ ने भागून १ किंवा ७ बाकी उरणाऱ्या मूळ संख्यांच्याच बाबतीत घडते. दोन्ही अटी एकत्र केल्यास क ला २४८ ने भागून १ किंवा ६३ एवढीच बाकी उरू शकते.

आता उमेदवार मोजावेत. ४६३४० पर्यंत २४८ च्या पटीत १ मिळवून १८६ संख्या मिळतात आणि ६३ मिळवून, स्वतः ६३ धरून, १८७. ६३ ही उघडच संयुक्त आहे, म्हणून ३७२ उरतात. त्यांतही पुष्कळशा गळतात. पहिल्या दहा घ्या: २४९, ३११, ४९७, ५५९, ७४५, ८०७, ९९३, १०५५, १२४१, १३०३. यांपैकी फक्त ३११ आणि १३०३ मूळ आहेत, आणि बाकीच्या आठ तपासण्याचे कारणच नाही. ३११ ची तपासणी अशी होते: २^९ म्हणजे ५१२, बाकी २०१, तिचा वर्ग ४०४०१, बाकी २८२, म्हणजेच −२९, तिला पुन्हा २०१ ने गुणल्यास २^२७ ची बाकी ८० येते, तिला १६ ने गुणल्यास १२८०, बाकी ३६. म्हणून २^३१ − १ ची बाकी ३५, आणि भाग जात नाही. अशाच रीतीने १३०३ साठी बाकी २२६ येते. एका उमेदवाराला चार-पाच ओळी पुरतात, आणि हे काम चिकाटीने पूर्ण केल्यास कागदावरच सिद्धता मिळते.

ही गाळणी खरोखर काम करते का, हे पाहायचे असेल तर २^११ − १ म्हणजे २०४७ घ्यावी. तेथे उमेदवाराला २२ ने भागून १ बाकी उरली पाहिजे. पहिलाच उमेदवार २३, आणि २३ × ८९ = २०४७. घातांक मूळ असला की मेर्सेन संख्याही मूळ असते, हा समज येथेच संपतो.

फर्माची कसोटी आणि तिच्यातील फसगत

बहुतेक प्राथमिक लेख असे सांगतात, की २^(न − १) ला न ने भागून बाकी १ आली तर न बहुधा मूळ आहे असे समजावे. मेर्सेन संख्यांसाठी हा सल्ला पूर्णपणे निरुपयोगी आहे. २०४७ संयुक्त आहे हे आपण नुकतेच पाहिले. तरी २^११ ची बाकी १ आहे आणि २०४६ ला ११ ने भाग जातो, म्हणून २^२०४६ ची बाकीही १ येते. मूळ घातांकाची प्रत्येक मेर्सेन संख्या, संयुक्त असली तरी, २ या पायाची कसोटी उत्तीर्ण होते. पाया बदलावा, हा एक उपाय. पण ५६१ सारख्या काही संयुक्त संख्या अशाही आहेत, की त्यांच्याशी सहमूळ असलेला, म्हणजे १ खेरीज समान विभाजक नसलेला, कोणताही पाया घेतला तरी त्या पकडल्या जात नाहीत.

यासाठी मिलर आणि राबिन यांची कडक कसोटी वापरावी. तिच्यात म − १ मधून २ चे सर्व अवयव बाजूला काढायचे असतात. येथे म − १ मध्ये २ एकदाच येतो आणि १०७३७४१८२३ ही विषम संख्या उरते, त्यामुळे काम सोपे होते: निवडलेल्या पायाचा १०७३७४१८२३ वा घात घेऊन ‘म’ ने भागावे, आणि बाकी १ किंवा म − १ यांपैकी एक येते का ते पाहावे. पाया २ घेतल्यास बाकी १ येते. ३, ५ आणि ७ घेतल्यास म − १ येते. २ या एकट्या पायावर येथेही विसंबू नये, कारण २०४७ ही कडक कसोटीलाही २ च्या बाबतीत फसवते. मात्र २, ३, ५ आणि ७ या चारही पायांना एकाच वेळी फसवणारी सर्वांत लहान संयुक्त संख्या ३२१५०३१७५१ आहे, आणि ‘म’ तिच्यापेक्षा लहान आहे. म्हणून एरवी ‘बहुधा मूळ’ एवढेच सांगणारी ही कसोटी आपल्या संख्येसाठी पूर्ण सिद्धता ठरते.

धाकटा शेजारी: म − १

म − १ म्हणजे २ × (२^३० − १). दोन वर्गांच्या वजाबाकीचे शाळेतले सूत्र लावले, की २^३० − १ चे ३२७६७ आणि ३२७६९ असे दोन भाग होतात. पहिला ७ × ३१ × १५१, दुसरा ९ × ११ × ३३१. पहिल्या पाहणीत दिसलेले ९ आणि ११ येथे आले. तेव्हा म − १ चे मूळ अवयव २, ३, ७, ११, ३१, १५१ आणि ३३१ आहेत, आणि त्यांत ३ दोनदा येतो.

एवढी माहिती हाती असली, की एदुआर ल्युका यांच्या कसोटीने स्वतंत्र सिद्धता देता येते. अशी एक संख्या शोधावी, की तिचा (म − १) वा घात बाकी १ देतो, पण म − १ ला वरील सात मूळ अवयवांपैकी कोणत्याही एकाने भागून येणारा घात बाकी १ देत नाही. अशी संख्या सापडली, तर तिचा आवर्तनांक नेमका म − १ असतो, आणि ते ‘म’ मूळ असल्याशिवाय शक्य नाही. २ चालत नाही, कारण तिचा आवर्तनांक अवघा ३१ आहे. ३, ५ आणि ६ पहिल्या अवयवाची तपासणी पार करतात, पण पुढच्या एखाद्यावर अडतात. ७ सगळ्या तपासण्यांतून पार पडते. अशा संख्येला प्रिमिटिव्ह रूट म्हणतात, आणि ‘म’ साठी सर्वांत लहान प्रिमिटिव्ह रूट ७ आहे. या सिद्धतेचे सौंदर्य असे, की ती दुसऱ्याला देताना ७ आणि सात अवयव एवढेच लिहून द्यावे लागते. घेणारा आठ घात काढून स्वतः खात्री करून घेऊ शकतो.

प्रिमिटिव्ह रूट किती आहेत, तेही अवयवांवरूनच कळते. प्रत्येक मूळ अवयवातून १ वजा करून गुणाकार करावा, आणि ३ दोनदा आल्यामुळे आणखी एकदा ३ ने गुणावे: १ × ६ × ६ × १० × ३० × १५० × ३३० = ५३,४६,००,०००. म्हणजे १ ते म − १ मधील जवळपास दर चौथी संख्या प्रिमिटिव्ह रूट आहे, आणि ती शोधताना दैवावर फार भार टाकावा लागत नाही.

७ चा पाचवा घात म्हणजे १६८०७. ५ आणि म − १ सहमूळ असल्याने हीसुद्धा प्रिमिटिव्ह रूट आहे. १ पासून सुरुवात करून दरवेळी १६८०७ ने गुणावे आणि ‘म’ ने भागून बाकी घ्यावी, तर १६८०७, २८२४७५२४९, १६२२६५००७३ अशी क्रमाक्रमाने वरवर अस्ताव्यस्त दिसणारी मालिका तयार होते आणि १ पासून म − १ पर्यंतची प्रत्येक संख्या एकेकदा येऊन गेल्यावरच ती पुन्हा सुरू होते. पार्क आणि मिलर यांनी १९८८ मध्ये संगणकावर यादृच्छिक संख्या निर्माण करण्यासाठी किमान दर्जा म्हणून हीच रीत सुचवली होती. आजच्या गंभीर कामाला ती पुरत नाही, पण आपली आज्ञावली बरोबर आहे का हे पाहायला ती फार चांगली आहे: दहा हजार पायऱ्यांनंतर १०४३६१८०६५ हीच संख्या आली पाहिजे. दुसरे काही आले तर गुणाकार कुठेतरी ओसंडला आहे, असे समजावे.

१ ला ‘म’ ने भागल्यावर येणारे आवर्ती दशांश किती अंकांनी फिरतात, हे शोधण्याची रीतही याच अवयवांतून जाते. ते अंक म्हणजे १० चा आवर्तनांक. म − १ पासून सुरुवात करावी, एकेका मूळ अवयवाने भागून पाहावे, आणि १० चा तो घात अजूनही बाकी १ देत असेल तर भागलेली संख्या ठेवावी, नसेल तर पूर्वीची. ३ ने दोनदा भागून पाहायला विसरू नये. उत्तर सम येणार, हे आधीच सांगता येते, कारण (म − १) / २ या विषम घाताला १० ची बाकी १ येत नाही.

अवयव इतके लहान असण्याची एक काळी बाजूही आहे. गुप्तलेखनाच्या ज्या पद्धती ‘घात काढणे सोपे, पण घातांक ओळखणे अवघड’ या विषमतेवर उभ्या आहेत, त्यांच्यासाठी ‘म’ सारखी संख्या, दहा अंकांऐवजी शेकडो अंकांची असती तरीही, वाईट निवड ठरली असती. म − १ चा सर्वांत मोठा मूळ अवयव ३३१ आहे. पोलिग आणि हेलमन यांच्या १९७८ च्या रीतीने घातांक शोधण्याचे मोठे कोडे २, ९, ७, ११, ३१, १५१ आणि ३३१ एवढ्या आकाराच्या लहान कोड्यांत फुटते. म्हणून सुरक्षिततेसाठी मूळ संख्या निवडताना तिच्या अंकांची संख्या पाहून थांबू नये. १ ने लहान असलेल्या शेजाऱ्याला एखादा प्रचंड मूळ अवयव आहे ना, हे तपासावे.

थोरला शेजारी: म + १

म + १ चे अवयव पाडण्याचा प्रश्नच नाही. तो शुद्ध २^३१ आहे. ल्युका यांनी १८७६ मध्ये २^१२७ − १ मूळ असल्याचे दाखवले ते या शेजाऱ्याच्या आधारे, आणि डी. एच. लेमर यांनी १९३० मध्ये त्या कसोटीला आजचे रूप दिले. ४ घ्यावे, त्याचा वर्ग करून २ वजा करावेत, ‘म’ ने भागून बाकी घ्यावी, आणि हेच पुन्हापुन्हा करावे. घातांक ३१ असल्याने ही क्रिया २९ वेळा करायची. शेवटी बाकी शून्य आली तर संख्या मूळ, नाही तर संयुक्त. येथे ‘बहुधा’ हा शब्द नाही. ३१ म्हणजे २^५ − १ वर ही क्रिया तीनदा केल्यास १४, ८, ० असे येते. २०४७ वर नऊ वेळा केल्यास १४, १९४, ७८८, ७०१, ११९, १८७७, २४०, २८२ आणि शेवटी १७३६ येते, शून्य नव्हे. ‘म’ वर मोठ्या संख्यांचे २९ वर्ग कागदावर करणे कंटाळवाणे असले, तरी ऑयलर यांच्या भागाकारांच्या मानाने ते कमीच आहे. सर्वांत मोठ्या ज्ञात मूळ संख्या वर्षानुवर्षे मेर्सेन प्रकारच्याच का निघतात, याचे उत्तरही येथेच मिळते: दुसऱ्या बहुतेक प्रकारच्या मोठ्या संख्यांचा शेजारी इतका सोपा नसतो.

बाकींच्या जगात वर्गमूळ काढणेही याच शेजाऱ्यामुळे सुलभ होते. ‘म’ ला ४ ने भागून बाकी ३ उरते, म्हणून एखाद्या संख्येला वर्गमूळ असेल तर ते तिचा (म + १) / ४ वा घात घेऊन मिळते. हा घातांक २^२९ आहे, म्हणजे नुसते २९ वेळा वर्ग करायचे. २ चे वर्गमूळ ६५५३६ आहे, हे तर तोंडीच पडताळता येते: त्याचा वर्ग ४२९४९६७२९६, म्हणजे ‘म’ च्या दुपटीपेक्षा २ ने जास्त. मात्र मिळालेल्या उत्तराचा वर्ग करून पाहायला चुकू नये, कारण मूळच्या संख्येला वर्गमूळच नसेल, तर ही रीत मुकाट्याने तिच्या ऋण संख्येचे वर्गमूळ देऊन मोकळी होते.

शेजारी साथ देत नाहीत तेव्हा

कोणतीही एक मोठी मूळ संख्या उचलली, तर तिचे शेजारी इतके मोकळे क्वचितच असतात. अशा वेळी आधी कडक कसोटी चालवावी, मग म − १ च्या जागी येणाऱ्या संख्येचे जमतील तितके अवयव पाडावेत. पॉकलिंग्टन यांच्या १९१४ च्या प्रमेयामुळे सगळे अवयव लागत नाहीत. हाती आलेल्या अवयवांचा गुणाकार मूळ संख्येच्या वर्गमूळापेक्षा मोठा झाला, तरी सिद्धता पूर्ण होते. तेवढेही न जमल्यास एलिप्टिक कर्व्हवर, म्हणजे एका विशिष्ट त्रिघाती समीकरणाच्या वक्रावर, आधारलेली सिद्धता वापरावी, आणि तिच्यासाठी तयार आज्ञावली उपलब्ध आहेत. मणीन्द्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी २००२ मध्ये आयआयटी कानपूर येथे शोधलेली पद्धत सैद्धांतिकदृष्ट्या फार मोलाची आहे, कारण कोणतेही गृहीतक न धरता आणि नशिबावर काही न सोपवता ती प्रत्येक संख्येचा निर्णय बहुपदी वेळेत, म्हणजे अंकांच्या संख्येच्या एखाद्या ठरावीक घाताच्या प्रमाणातच वाढणाऱ्या वेळेत, देते. प्रत्यक्ष वापरात मात्र एलिप्टिक कर्व्हची रीत तिच्यापेक्षा लवकर उत्तर देते.

मूळ संख्यांच्या रांगेतील जागा

‘म’ ही कितवी मूळ संख्या आहे? अंदाजासाठी तिला तिच्या नैसर्गिक लॉगॅरिदमने भागावे. तो सुमारे २१.४९ आहे आणि उत्तर ९.९९ कोटी येते. लॉगॅरिदममधून १ वजा करून भागल्यास १०.४८ कोटी येते, आणि हा अंदाज पुष्कळच जवळचा आहे. खरा क्रमांक १०,५०,९७,५६५ वा. तोच २१.४९ हा आकडा या टापूतील लागोपाठच्या मूळ संख्यांमधले सरासरी अंतरही सांगतो. ‘म’ च्या आधीची मूळ संख्या २१४७४८३६२९ आणि नंतरची २१४७४८३६५९ आहे, म्हणजे अंतरे १८ आणि १२, दोन्ही सरासरीपेक्षा थोडी कमी. जोडमूळ संख्यांत तिला स्थान नाही, कारण २ ने लहान असलेल्या संख्येला ५ ने आणि २ ने मोठ्या असलेल्या संख्येला ३ ने भाग जातो. तिची दुप्पट करून १ मिळवल्यास २^३२ − १ मिळते, आणि तिचे अवयव ३, ५, १७, २५७, ६५५३७ असे देखणे पडतात.

युक्लिडच्या रीतीने ‘म’ ला २^३० ने गुणले, की २३०५८४३००८१३९९५२१२८ ही परिपूर्ण संख्या मिळते. तिच्या स्वतःखेरीजच्या सर्व विभाजकांची बेरीज तिच्याइतकीच भरते. इंग्लंडचे पीटर बार्लो यांनी १८११ मध्ये असे लिहिले होते, की याहून मोठी परिपूर्ण संख्या कधी शोधली जाणार नाही, कारण अशा संख्या कुतूहलाच्या असल्या तरी उपयोगाच्या नाहीत आणि कोणी त्या खटपटीत पडणार नाही. माणसाच्या रिकामटेकडेपणाचा त्यांचा अंदाज चुकला.

शेवटची एक तपासणी वाचकाने स्वतः करावी. ३१ ही मेर्सेन मूळ संख्या आहे, तिला घातांक केल्यावर मिळालेली ‘म’ ही देखील तशीच आहे. मग ‘म’ ला घातांक करून मिळणारी २^म − १ मूळ असेल का? ती लिहून काढायला चौसष्ट कोटींहून अधिक अंक लागतील, पण तिला भागणारी संख्या शोधताना ऑयलर यांचीच गाळणी लागू होते: तिच्या प्रत्येक मूळ विभाजकाला ‘म’ च्या दुपटीने भागल्यास बाकी १ उरली पाहिजे. ‘म’ च्या दुपटीला ६८७४५ ने गुणून १ मिळवल्यास २९५२५७५२६६२६०३१ येते. २ चा ‘म’ वा घात घेऊन त्याला या संख्येने भागावे. २ पासून सुरू करून तीस वर्ग आणि प्रत्येक वर्गानंतर एक दुप्पट केल्यावर बाकी १ येईल.